दम धरा, सोडा

डॉक्टर पंचापकेशरावांनी मला चेहऱ्यावरून कधीही ओळखलं नाही. बावीस वर्षं आमच्या दोन घरांत एकच भिंत. रोज सकाळी मी त्यांच्या ओट्यावर कॉफी प्यायला जायचो आणि रोज ते माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घालायचे. मग नजर हळूहळू खाली उतरून माझ्या सदऱ्याच्या गुंड्यांपाशी यायची आणि गडी एकदम खुलायचा. "ये ये, सातवी फासळी! बैस."

मी एकदा आमच्या गावच्या महामहम तळ्याच्या वळणावर सायकलवरून पडलो होतो. तेव्हा त्यांनी माझ्या छातीचा फोटो काढला आणि उजवीकडची सातवी फासळी पिचल्याचं सांगितलं. तेव्हापासून माझं नाव, आडनाव, हायस्कुलातली इंग्रजीची मास्तरकी, सगळं पुसलं गेलं. माझंच असं नाही. बाजारात कुणी हात जोडून नाव, गाव, वडिलांचं नाव सांगितलं तरी डॉक्टर ढिम्म. पण "इन्नंबूरचा, डाव्या बाजूला वर डाग होता, तो मी," असं म्हटलं की भर रस्त्यात त्याला मिठी मारायचे. सख्खा मेहुणा तिरुप्पनंदाळहून आला, तर त्याला दारातच विचारलं, "तुजा फोटो काढलाय का मी?" नाही म्हटल्यावर बिचारा पाहुणा पाच मिनिटं उन्हात उभा!

छातीचे फोटो काढायचं यंत्र गावात त्यांनीच आणलं. कुणी गोरा डॉक्टर विलायतेला परत जाताना मद्रासेला विकून गेला होता, ते धूड. जुने झालेले फोटो डॉक्टर टाकत नसत, खिडक्यांच्या तावदानांना चिकटवत. दुपारी त्यांच्या दिवाणखान्यात जमिनीवर फासळ्यांचं ऊन पडायचं. आमची ही तिथे हळदीकुंकवाला जायची ती भिंतीकडेनं, कुणाच्या बरगडीवर पाय पडू नये म्हणून.

या फोटोंवर ते निबंध लिहीत आणि मद्रासेच्या एका वैद्यकीय मासिकाला पाठवत. आठ छापून आले होते. त्या आठांची यादी सुंदर अक्षरात लिहून, काच लावून, देवांच्या तसबिरींच्या ओळीत टांगलेली होती. त्यांचं इंग्रजी नीट करायचं काम माझ्याकडे. नीट करायचं म्हणजे भांडायचं. मी एक स्वल्पविराम काढला की यांचा प्रश्न तयार, "पुरावा काय?" हा त्यांचा लाडका शब्द. कॉफी फक्कड झालीय म्हणा, आज उकडतंय म्हणा, समोरून एकच येणार. एकदा मी वैतागून म्हणालो, "डॉक्टर, मी तुमचा मित्र आहे, याला तरी पुरावा लागेल का?" त्यांनी खरंच विचार केला हो!

आता राधावैनींबद्दल. डॉक्टरांची बायको. त्यांच्याशिवाय ते यंत्र चाललंच नसतं.

यंत्र जुनं, मंद. फोटो नीट यायचा तर माणसानं छाती भरून श्वास रोखायचा आणि हलायचं नाही. डॉक्टर आतून ओरडायचे, "दम धरा!" आमची तंजावरकडची मराठी घरात, उंबऱ्याबाहेर तमिळ, असा सगळ्यांचा रिवाज. पण यंत्रापाशी डॉक्टर इतके रंगून जात की समोरचा कोण हेच विसरत आणि घरची मराठीच तोंडातून येई. एवढंच असतं तर चाललं असतं. धरायला सांगून ते सोडायला सांगायचं विसरत. माणूस गाल फुगवून, डोळे वटारून उभा, आणि हे आकडे मोजताहेत! म्हणून वैनी यंत्राच्या खोलीच्या पडद्याशी एका चौरंगावर बसायच्या आणि वेळ झाली की खणखणीत आवाजात म्हणायच्या, "सोडा!"

मराठी न कळणाऱ्यांनाही हे दोन शब्द पाठ झाले. पहिल्याचा अर्थ डॉक्टर गाल फुगवून दाखवायचे. दुसऱ्याचा ज्यानं त्यानं आपापला लावला. इन्नंबूरचा एक शेतकरी फोटो झाल्यावर ओट्यावर येऊन बसला तो हलेचना. अर्ध्या तासानं वैनी बाहेर आल्या तर म्हणतो, "सोडा एंगे, अम्मा?" सोडा कुठाय? आत दिलेला शब्द बाहेर पाळायला नको? वैनी पोट धरधरून हसल्या, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळीच्या सोड्याची बाटली मागवून त्याला पाजली. ही बातमी गावोगाव पसरली. तेव्हापासून दिवाणखान्यातल्या झोपाळ्याखाली सोड्याच्या बाटल्यांची पेटी कायमची आली. लोक म्हणायचे छाती सोड्यानंच बरी होते. डॉक्टर चिडायचे, "पुरावा काय?"

एका श्रावणात वैनींच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी डांगर पचडी कालवता कालवता हातातली वाटी पडली, आणि उजवा हात गेला, वाचा गेली. डोळे तेवढे पूर्वीसारखे चपळ राहिले.

डॉक्टरांनी छातीवरचं लिखाण बंद केलं. मद्रासेहून पक्षघातावरची पुस्तकं मागवली, रात्रंदिवस वाचली, आणि मग त्यांना वेडच लागलं असं गाव म्हणू लागलं. घरात जो येईल त्याला दिवाणखान्याच्या मधोमध उभा करायचा आणि म्हणायचं, "दम धरा!" फोटो नाही, यंत्र नाही, नुसताच दम. दूधवाल्यानं धरला. पुरोहितांनी मंत्राच्या मध्येच धरला आणि पुढचा मंत्र विसरले. तिरुभुवनम्‌चा रेशमी लुगडीवाला दम धरता धरता आपल्याच गाठोड्यावर कोसळला. टपालवाला तर पत्रं रस्त्यातूनच ओट्यावर भिरकावायला लागला. माणूस अगदी लाल झाला की डॉक्टर त्याच्या पाठीवर थाप मारून, तोंड पाडून म्हणायचे, "पुरे."

एक दिवस आमचे हेडमास्तर त्यांच्या तावडीत सापडले. दुसऱ्या दिवशी शाळेत मला जे ऐकावं लागलं, ते ऐकून मी तणतणत गेलो. "डॉक्टर, गाव तुम्हाला ठार वेडा म्हणतंय!"

"पुरावा काय?" ते म्हणाले, पण नेहमीचा जोर नव्हता. मग त्यांनी बोट दाखवलं. पडदा अर्धा सरकवलेला, आणि त्यामागे खुर्चीत वैनी.

"हजारदां म्हटलेला शब्द मरत नाही रे," डॉक्टर म्हणाले. "वाट चुकतो. तोच प्रसंग पुन्हां पुन्हां उभा केला तर परत येईल. कोणी दम धरला की तिणें काय म्हणावें? तोच एक शब्द. मजला एकदां ऐकायचाय..." एवढं बोलून थांबले, आणि घाईघाईनं म्हणाले, "म्हणजे, छापायला. नववा निबंध."

मला माझीच लाज वाटली. इतके दिवस हा माणूस सगळ्या गावाला धरून आणून तिच्यापुढे उभं करत होता, आणि मी त्याच्यावर शाळेत विनोद सांगत होतो.

त्या दिवसापासून कॉफी झाली की मीही वैनींसमोर उभा राहून दम धरायला लागलो. जवळजवळ वर्षभर. माझा दम इतका वाढला की कावेरीत पोरांशी बुडी मारायची पैज लावावी. वैनी माझ्याकडे मायेनं बघायच्या, एवढंच.

मग ती दुपार आली. पावसाची झड, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी पडशानं बेजार, माझा दम कामाचा नव्हता. डॉक्टर येरझाऱ्या घालून घालून कावले आणि म्हणाले, "आज मीच." वैनींच्या समोर उभे राहिले, स्वतःलाच "दम धरा" म्हणाले आणि धरला.

मी झोपाळ्यावरून बघत होतो. वीस आकडे झाले, तीस झाले. पंचापकेशराव सोडेनात. कपाळावरची शीर टरारून वर आली, कान लाल झाले. मी उठणार, तेवढ्यात वैनींचा डावा हात मांडीवरून उठला. ओठ हलले.

"सो... सोडा!"

स्पष्ट. आणि चक्क रागानं. नवरा आचरटपणा करतोय म्हटल्यावर कुठलीही बायको बोलेल तशा.

डॉक्टरांनी दम सोडला तो हुंदक्यासकट. तो माणूस लहान मुलासारखा रडला, मीही रडलो. मग तोंड धुऊन आले आणि मला म्हणाले, "पुरावा तूं. सही कर."

तीन दिवसांत निबंध तयार. या खेपेला माझ्या एकाही दुरुस्तीवर भांडण नाही. शेवटी ठळक लिहिलं होतं की झटक्यानंतर चौदा महिन्यांनी रुग्ण स्पष्ट बोलला, आणि काय बोलला, तर सोडा. इंग्रजी अक्षरांत. आम्ही दोघं जन्मभर तो शब्द बोलणारे. त्याचा अर्थ सांगायला हवा हे त्यांना सुचलं नाही, आणि मी इंग्रजीचा मास्तर, मलाही सुचलं नाही!

महिन्यानं मासिकाच्या गोऱ्या संपादकाचं पत्र आलं. टपालवाल्यानं ते भिरकावलं ते थेट माझ्या पायाशी. निबंध परत, सोबत दोन ओळी. रुग्णाला तहान लागली असावी, साधं पाणी देऊन पाहिलं होतं काय?

गोऱ्या माणसाला सोडा म्हटल्यावर दुसरं काय आठवणार! मी तिथल्या तिथे कागद ओढला. "डॉक्टर, मी लिहितो. हा मराठी शब्द आहे, याचा अर्थ असा, सगळं समजावून लिहितो. नववा छापून येईल!"

त्यांनी माझ्या हातातली लेखणी काढून घेतली.

"मग त्यास हेंही सांगावें लागेल कीं समोर कोण उभा होता," ते म्हणाले. "कोणासाठीं बोलली. गांवभर माणसें उभीं केलीं, त्यांस नाही बोलली. तें मी मद्रासेस छापूं? राहूंदे. आठच बरे." मग त्यांनी झोपाळ्याखालून एक बाटली काढली, गोळी दाबली आणि चमच्याचमच्यानं वैनींना सोडा पाजला. वैनी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गेल्या.

डॉक्टरांनी यंत्रावर चादर घातली. कुणालाही दम धरायला सांगणं बंद झालं. माझ्या कॉफीच्या तारिफेला पुरावा मागणंही बंद झालं, आणि मला त्याचंच फार वाईट वाटायचं. टपालवाला पुन्हा पायऱ्या चढून यायला लागला.

वर्षभरानं मला खोकला जडला. हिनं डोकं खाल्लं तेव्हा गेलो. डॉक्टरांनी चादर काढली, मला सदरा उतरवून उभं केलं, आणि किती दिवसांनी तो आवाज ऐकला. "दम धरा!"

धरला. यंत्र घूं घूं करून थांबलं. पुढे काहीच नाही. विसरले असतील म्हणून मी थांबलो. सातवी फासळी ठणकायला लागली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, तर डॉक्टर यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून तसेच उभे. नजर पडद्याशी, त्या रिकाम्या चौरंगावर. गाल फुगलेले. त्यांनीही दम धरला होता, आणि ते वाट बघत होते.

मला राहवलं नाही.

"सोडा, डॉक्टर," मी म्हणालो. "सोडा."

त्यांनी सोडला. हळूहळू, बराच वेळ. मग वळून माझ्याकडे बघितलं. छातीकडे नव्हे, चेहऱ्याकडे. बघतच राहिले.

"तुजला मिशा कधींपासून आहेत रे?"

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

ते झोपाळ्याखाली वाकले. पेटीत एकच बाटली उरली होती. ती दोन पेल्यांत ओतली. सोडा जुना, फेस पार बसलेला. आम्ही दोघांनी तो संपवला.