एका घाण्याचे दोन मालक

"आज महाराणी माझी पेंड अशी खाईल, अशी खाईल, की घमेल्याचा तळसुद्धा शिल्लक ठेवणार नाही!" पेंडसाहेबांनी चहाचा कप टेबलावर आपटत जाहीर केलं.

"घमेल्याचं नंतर बघू, कपाचा कान आत्ताच गेला," बायको म्हणाली.

मंडळी, पेंडसाहेब म्हणजे पशुखाद्य संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ, आणि महाराणी म्हणजे तिथल्या गोठ्यातली थोरली गाय. ती जे खाईल ते बाकीच्या खाणार, ती ज्याला नाक मुरडेल त्याकडे बाकीच्या ढुंकूनही बघणार नाहीत. आता कॅनोला तुम्हाला ठाऊकच असेल. मोहरीचीच चुलत बहीण, फक्त स्वभावाने जरा शांत. तिचं बी घाण्यात पिळलं की तेल निघतं, मागे पेंड उरते. ती पेंड गाईंच्या गळी उतरवायची, हे साहेबांचं संशोधन. आणि निघालेल्या तेलाचं यंत्रांसाठी वंगण करायचं, हे शेजारच्याच खोलीत त्यांच्या बायकोचं संशोधन! केंद्रात त्यांना वंगणबाई म्हणत. संसार एक, बी एक, घाणाही एकच. आणि सगळी भांडणं त्या घाण्याच्या स्क्रूवरून!

स्क्रू आवळला की तेल भरपूर, पण पेंड इतकी कोरडी की जवळ कुणी शिंकलं तर खोलीत धुकं पडावं. सैल सोडला की पेंड लुसलुशीत, पण तेल जेमतेम बाटलीचा तळ ओला करण्यापुरतं. म्हणून बाई जाता-येता स्क्रू आवळायच्या, साहेब जाता-येता सैल करायचे. आपण बी पिळतोय की आपल्यालाच कुणी पिळतंय, हे त्या घाण्याला कळेनासं झालं होतं.

शेवटी आदल्या दिवशी संचालक वैतागले. "बास! उद्या दुपारी दोघांनीही गोठ्यात करून दाखवा. ज्याचं जमेल, घाणा त्याचा! दुसऱ्याने पुन्हा स्क्रूला बोट लावायचं नाही!"

म्हणून आज चहा संपवून साहेब सकाळीच गोठ्यात पोचले, छाती पुढे काढून त्यांनी महाराणीपुढे घमेलं ठेवलं. भाच्याने काढलेलं चित्र मावशीने कौतुकाने बघावं तसं तिने ते सभ्यपणे हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"मामा, हिला झालंय तरी काय?" साहेबांनी गोठ्यावरच्या मामांना विचारलं.

"तिला कुठं काय झालंय? पेंडीला झालंय! वहिनींनी काल संध्याकाळी जाता जाता घाण्याचा गळा आवळला की!"

साहेब तडक बायकोच्या खोलीत गेले. बाई नव्हत्या, पण टेबलावर तेलाची बाटली होती. 'घरातलंच तर आहे, चोरी कसली?' असं मनाशी म्हणत त्यांनी बाटली उचलली, सगळी पेंडीत रिचवली आणि पेंड अशी कालवली की जणू पाहुणेच जेवायला येणार आहेत!

दुपारी संचालक आले. महाराणीने घमेल्यात जे तोंड घातलं, ते वर काढेचना!

"वा! मला नव्हतं हो वाटलं!" संचालक म्हणाले. साहेबांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू घाणा त्यांनी खिशातच घातलाय.

"आता माझं बघा," बाई म्हणाल्या. "हे फाटक इतकं करकरायचं की गाई दचकून दूध चोरायच्या. सकाळी बिजागऱ्यांना आणि कडीला माझं तेल दिलंय." त्यांनी फाटक उघडलं, लावलं. आवाज नाही! मग त्या संचालकांकडे वळल्या. "आणि साहेब, तुमच्या करकरणाऱ्या बुटांनाही चोळलं होतं ना? चालून बघा."

संचालक चालले. बूट गप्प! ते आणखी चालले, टाचांवर चालले, चवड्यांवर चालले. "अहो, मी तर मांजर झालो!"

बरोबरी झाली. पण इकडे महाराणीचं घमेलं संपलं होतं. तिने नाक वर केलं, वारा हुंगला आणि फाटकाच्या बिजागऱ्या चाटायला घेतल्या. मग कडी. गाईची जीभ ती! कडी सरकली, फाटक उघडलं, आणि बाईंचं वंगण इतकं अव्वल की कुणी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. महाराणीमागून अख्खा गोठा बाहेर पडला. पहिली जीभ संचालकांच्या डाव्या बुटावर पडली, दुसरी उजव्यावर, आणि उरलेल्या रांगेत उभ्या राहिल्या!

संचालक एका ढांगेत पोत्यांच्या थप्पीवर! "आवरा हिला! हिला पेंड एवढी आवडते, तर माझा बूट का खातेय?"

बाईंनी गाईकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं, घमेल्यात बोट फिरवून हुंगलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अहो."

त्या एका 'अहो'ने साहेबांची उंची वीतभर कमी झाली.

"माझी बाटली कुठाय?"

"कुठली बाटली?"

"तुमच्या कोटाच्या खिशातून मान काढून बघतेय ती!"

मामांना एकदम खोकला आला.

संचालक थप्पीवर बसून विचारात पडले. "म्हणजे तेल बाईंनी काढायचं आणि साहेबांनी ते पुन्हा पेंडीत घालायचं. बरोबर?"

दोघांनी माना खाली घातल्या.

"मग काढताच कशाला? बीच भरडून घाला गाईला! घाणा उद्यापासून बंद!"

"साहेब, असं कसं!" दोघं एका सुरात ओरडले. "माझं वंगण..." "हो ना, हिचं वंगण!" "आणि यांची पेंड..." "ऐका तिचं, साहेब!"

त्या दोघांचं एकमत झालेलं केंद्रात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. संचालकांना तर वर बसल्या बसल्या गहिवरून आलं.

"बघा," ते मऊ आवाजात म्हणाले, "घाणा बंद केला आणि लगेच कसं जमलं तुमचं!"