मृतांना तालुका नसतो

मधलीवाडी ही वस्ती पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही काठांवर वसली आहे आणि पऱ्याच्या मध्यावरून दोन तालुक्यांची हद्द जाते, एवढाच तिचा अपराध. उन्हाळ्यात ही हद्द कातळावरून चालत ओलांडता येई. पावसाळ्यात ती छातीइतकी खोल होई आणि तिच्या पोटात दगड गडगडत जाताना ऐकू येत. तिथे ओलांडायला साकव बांधावा ही मागणी दोन्ही तालुक्यांनी कधीच नाकारली नव्हती. आपल्या हद्दीपर्यंतचा अर्धा साकव बांधायला प्रत्येक तालुका तत्त्वतः तयार होता. दुसऱ्याने आधी बांधावा, एवढीच अट होती.

तोवर साकवाचे काम तुळसाकाकी करी. ती वस्तीची सुईण. पलीकडची बाई अडली की माडाला बांधलेला काथ्याचा दोर कमरेला गुंडाळून ती पाण्यात उतरे. वस्तीतले बहुतेक पुरुष तिच्याच हातून जगात आले होते. मुंबईला ते आपणहून गेले.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ‘सीमावर्ती वस्त्यांचा इतिहास’ ही सरकारी मोहीम जीपमधून आली. मोहिमेचा संकलक संवेदनशील होता. पऱ्याकडे पाहताच त्याला काळाचा प्रवाह दिसला. त्यावर साकव नाही, हे दिसले नाही.

देवळात सभा भरली. संकलक म्हणाला, “एखाद्या संस्मरणीय व्यक्तीच्या स्मृत्यर्थ हद्द ओलांडूनही बांधकाम करता येते. कारण मृत व्यक्तीला तालुका नसतो.”

देवापुढे गाऱ्हाणे घालणारा रावजी गावकर पुढे सरकला. “म्हंजे साकव व्हईल, सायेब?”

“व्यक्ती द्या, साकव घ्या.”

वस्तीने आपले मृत आठवले. धोंडूने हयातभर दोन्ही तालुक्यांत मतदान केले होते, आणि मेल्यावरही एका तालुक्यात ते चालू होते. संस्मरणीय, पण आक्षेपार्ह. केरूने आपली म्हैस कोणत्याच कोंडवाड्यात जाऊ नये म्हणून जन्मभर पऱ्याच्या मध्यावर उभी केली होती. परंतु त्यात, संकलकाच्या मते, म्हैस संस्मरणीय ठरत होती.

“मंग आमची तुळसाकाकी घ्या की,” मालन म्हणाली.

“त्या कधी वारल्या?”

“वारंल कशाला? ती काय खांबाला टेकून बसलीय!”

सुपारी कातरता कातरता तुळसाकाकी म्हणाली, “जितीच हाय मी. हात लावून बगा पायजे तर.”

संकलक खिन्न झाला. “बाकी सर्व निकष पूर्ण होतात. एवढी एकच त्रुटी.”

“काकी, कागदावर मेलीस तर तुजा काय जातंय गो?” रावजीने विचारले.

“आनी मंग मीच साकवावरनं गेली, तर पोरं भुताटकी म्हनतील त्याचा काय?” सगळे हसले. अडकित्ता थांबला. “रावजी, मला आदी नीट इचार करू दे.”

परंतु संकलक ठराव वाचायला उभा राहिला होता. तो देवाकडे तोंड करून, आवाज चढवून, थांबत थांबत वाचू लागला. त्या देवळात अशा रीतीने बोलणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर मिळत आले आहे.

“तुळसाबाई या वस्तीच्या थोर सेविका होत्या...”

“व्हय म्हाराजा!”

“त्यांच्या निधनाने पोकळी निर्माण झाली आहे...”

“व्हय म्हाराजा!”

“ती कधीही भरून निघणार नाही...”

“व्हय म्हाराजा!”

सर्वांत मोठा आवाज तुळसाकाकीचा होता. गाऱ्हाण्याला मनापासून होकार द्यावा लागतो, नाहीतर देव ऐकत नाही. ठराव मृत व्यक्तीसह एकमताने मंजूर झाला.

धोरणानुसार आधी स्मृती, मग साकव. पावसाआधी पऱ्याच्या काठावर ‘कै. तुळसाबाई’ कोरलेली उंच शिळा उभी राहिली. त्याच वर्षी माड वादळात पडला, तेव्हा तुळसाकाकी आपला दोर शिळेला बांधू लागली. “माजं नाव माजाच भार घेईल,” असे ती म्हणे.

श्रावणात पलीकडची शालन अडली. तुळसाकाकी गेली, मूल सुखरूप झाले. परतताना पाणी चढले होते. दोर ताणला गेला, आणि शिळा मुळापासून उपटून पाण्यात आली. ती स्मृतीचा भार पेलण्यासाठी उभारली होती. माणसाचा भार अंदाजपत्रकात नव्हता.

रावजी जिल्ह्याला गेला. “सायेब, काकी गेली.”

“हो. आपणच ठराव केला होता.”

“तसा नाय. पऱ्यात गेली. बुडून.”

संकलक हळुवारपणे म्हणाला, “रावजी, एका व्यक्तीचा एकच मृत्यू ग्राह्य असतो. मयत व्यक्ती बुडू शकत नाही. दुसरे कोणी बुडाले असते, तर साकवाची निकड सिद्ध झाली असती.”

“आनी शिळा? तीपन व्हावली.”

संकलक ताडकन उभा राहिला. “शिळा? ती शासकीय मालमत्ता होती!”

दुर्घटनेची तातडीने दखल घेतली गेली. नवी शिळा मंजूर झाली. या वेळी ती पाण्यापासून सुरक्षित, देवळाच्या आवारात उभारण्यात आली. साकवाचा विचार, स्मृती स्थिर झाल्यावर, यथावकाश होणार होता.

अनावरणाला शहरातून पाहुणे आले. संकलक देवाकडे तोंड करून, आवाज चढवून म्हणाला, “ही वस्ती तुळसाबाईंना कधीही विसरणार नाही...”

आणि थांबला.

मधलीवाडीतून उत्तर आले नाही. खांबांना टेकलेली माणसे जमिनीकडे पाहत राहिली. खाली पऱ्या तेवढा बोलत होता.

सुदैवाने शहरच्या पाहुण्यांना लोकसंस्कृतीविषयी आस्था होती आणि प्रथा ठाऊक होती. त्यांनी एका सुरात, शुद्ध उच्चारात, डोळे पाणावून म्हटले, “होय महाराजा!”

मोठी हळवी, पुस्तके वाचणारी माणसे होती ती. अगदी आपल्यासारखी.