ठकूबाईचं कर्ज, कोंबडोजींचा कर्णा

एका जंगलात, मुलांनो, बायकांची फार काळजी करत असत. त्यांना पोटभर दाणे मिळत नसत, ती गोष्ट वेगळी. पण काळजी नेमाने व्हायची.

तिथे ठकू नावाची रानकोंबडी राहायची. दर खेपेला ती अंडी घाली आणि मुंगूस ती फस्त करी. यंदा ती हट्टाला पेटली होती. दार असलेलं खुराडं बांधायचंच. अंडी घालायला आठ दिवस उरले होते.

तेवढ्यात सिंहमहाराजांनी महिलांसाठी बँक काढली. मॅनेजर कोल्हा. कोंबड्यांच्या बँकेत कोल्हा कशाला, असं विचारू नका. त्याला कोंबड्यांचा दांडगा अनुभव होता.

"खुराड्यासाठी कर्ज पाहिजे, साहेब," ठकू म्हणाली.

"अवश्य, ताई. बँक तुमचीच आहे. मालकांना घेऊन या."

"बँक माझी आहे ना?"

"तुमचीच. पण बाईच्या कर्जाला पुरुष जामीन लागतो. आणि मोबाईल नंबर."

मोबाईल घरात एकच, तोही कोंबडोजींकडे. कोंबडोजी म्हणजे ठकूचे यजमान. ते तुरा झटकत आले आणि कागद न वाचताच नखाचा ठसा उमटवून मोकळे झाले. वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे.

पैसे ठकूच्या खात्यात आले. ओटीपी कोंबडोजींच्या मोबाईलवर आला. संध्याकाळी कोंबडोजी भलाथोरला कर्णा घेऊन घरी आले.

"अहो, खुराडं?" ठकूने विचारलं.

"अगं, आता माझी बांग सात डोंगरांपलीकडे ऐकू जाईल. मी आरवलो नाही तर उजाडायचं कसं?"

ठकू बँकेत धावली. कोल्ह्याने तिला हार घातला, फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'सक्षम झालेली कोंबडी, क्रमांक एक'.

"पण साहेब, पैसे मला मिळालेच नाहीत."

"आमच्या कागदावर मिळालेत, ताई. आता कागदाला खोटं पाडता का?"

ठकूला रडू कोसळलं. रडत रडत ती वारुळाआड गेली. तिथे बायकांची भिशी चाले. दर शुक्रवारी प्रत्येकीने चोचभर दाणे टाकायचे आणि आळीपाळीने एकीने सगळे उचलायचे. या खेपेला पाळी लांडोरीची होती.

"माझ्या पैंजणांचं पुढच्या खेपेला बघू," लांडोर म्हणाली. "तू उचल बाई. अंडी थांबतात होय?"

ना फॉर्म, ना फोटो. साळिंदराने ते दाणे घेऊन चार दिवसांत खुराडं उभं केलं, दारासकट. मुंगूस आलं, डोकं आपटून गेलं. बायकोच्या खुराड्यात काय झोपायचं, म्हणून कोंबडोजी मात्र बाहेरच निजत.

महिन्याने कोल्हा वसुलीला आला.

"ताई, हप्ता."

ठकू आतूनच म्हणाली, "जे पैसे मी पाहिले नाहीत, ते मी फेडणार नाही. जामीनदारांना विचारा. ते काय, कर्ण्याशेजारी बसलेत."

कोल्ह्याने जामीनदाराकडे नीट पाहिलं. चांगला पोसलेला होता. कोल्ह्याने नियम काढला, मोठ्याने वाचला आणि तिथल्या तिथे अमलात आणला.

कर्ज फिटलं. बँकेने तशी पावतीही दिली, थोडी तेलकट होती. ठकू दोन दिवस रडली. काही झालं तरी नवरा होता. तिसऱ्या दिवशी अंड्यांतून इवल्या चोची बाहेर आल्या आणि तिला रडायला सवड उरली नाही.

तात्पर्य : बायकांना कर्ज देताना नवऱ्याचा जामीन जरूर घ्यावा. बँक बुडत नाही आणि बाईही सुटते.