नितळ आणि ओरखडी

निबंधवाचनाला अर्धा तास उरला होता आणि दोघी जिवलग मैत्रिणी तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर एकमेकींकडे पाठ करून पोहत होत्या.

"गेल्या जन्मीच्या जावा वाटतायत," तिची खोलीतली मैत्रीण म्हणाली. प्रत्येक परीक्षेत पुरवण्या मागून पर्यवेक्षकांना पळवायची, म्हणून तिला सगळे पुरवणीच म्हणत. "तोंडं तरी एका बाजूला कर."

सागरी सस्तन प्राण्यांच्या वर्गात प्रत्येकाला बोटीवरून काढलेले फोटो वाटले होते. डॉल्फिनच्या पाठीवरच्या पंखासारख्या परावर खाचा असतात, ओरखडे असतात. त्यांवरून प्राणी ओळखायचा आणि त्याच्यावर निबंध लिहायचा. पुरवणीच्या या मैत्रिणीच्या वाट्याला दोघी आल्या; नावं हिनेच ठेवली. फोटोत नितळच्या खाचा उजवीकडे, ओरखडीच्या डावीकडे, शिवाय तिच्यावर लांबच लांब ओरखडा. एक दिसली की त्याच दिवशी दुसरी दिसणारच. मात्र एका फोटोत दोघी कधीच नाहीत. हिने त्यावरही अख्खं पान लिहिलं होतं : जवळ राहूनही एकमेकींना मोकळीक देण्याचा समजूतदारपणा. ते पान ऐकून आईने व्हिडिओ कॉलवर डोळे पुसले होते. मॅडमनीही निबंध पहिला ठरवला होता. आज तो नीट वाचला, की सुट्टीतल्या सर्वेक्षणाच्या बोटीवरची एकुलती एक जागा तिची. तीन वर्षं समुद्री जीव शिकूनही तिने अजून जिवंत शेपूट पाहिली नव्हती.

तिने नितळचा फोटो आडवा उलटवला. नितळ वळली. सरकवताना चुकून ओरखडीवर जाऊन बसली.

खाचेवर खाच बसली. एकूण एक.

"दोघी कुठायत?" पुरवणीने विचारलं.

"एकच आहे," ती म्हणाली. "ही डावी बाजू, ही उजवी. ओरखडा एकाच बाजूला आहे."

"आणि मैत्री?"

"स्वतःशीच."

पुरवणीने खुर्ची जवळ ओढली. "उलटव परत. डॉल्फिन काय तक्रार करायला येतोय?"

तिने उलटवलाही. पण आता तिला दोघी दिसेचनात. पडद्यावर एकटीच कुणीतरी होती, आणि तिला मैत्रीण आहे असं आपण जगाला सांगत सुटलो होतो. ते तिला चुकीपेक्षाही जास्त लागलं.

वर्गात तिने निबंध मिटूनच ठेवला. दोन्ही फोटो दाखवले, एक उलटवला, दुसऱ्यावर ठेवला. "मॅडम, माझ्या निबंधात एक प्राणी जास्त झालाय," एवढंच म्हणाली.

मॅडमनी पडद्याजवळ जाऊन खाचा मोजल्या. मग वर्गाकडे वळल्या. "बाकीच्यांनी बाजू पडताळल्या होत्या ना?"

पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने आपल्या 'जुळ्या भावंडां'चे फोटो हळूच वहीखाली सारले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "माझा तर अख्खा कळपच धोक्यात आहे."

"मी पण सगळे निबंध वाचले," मॅडम स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आणि खाडीत डॉल्फिन वाढले म्हणून खूश होते."

ती फोटो काढून घेऊ लागली. "जागा दुसऱ्या कुणाला द्या, मॅडम. माझा निबंध तर उरलाच नाही."

"कुणाला देऊ?" मॅडम म्हणाल्या. "सोमवारी सकाळी धक्क्यावर ये. अख्ख्या वर्गात एक तरी डॉल्फिन दोन्ही बाजूंनी पाहिलेली तू एकटीच आहेस."