झिलीवर ब्रेड मना है

बदकापुढे ब्रेडचा तुकडा पडला रे पडला की आमचे सबनीसकाका शिट्टी फुंकतात. इथे उत्तरेत, मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटांमागे सरकारने खोदून केलेली मोठी झील आहे. तिथे काकांना कोणी नेमलेलं नाही. सरकारी कचेरीतून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून झिलीवर रुजू झाले, इतकंच.

"भाईसाहब, ब्रेड मना है," असं सांगून ते वही उघडतात. नाव, फ्लॅट नंबर, गुन्हा आणि शेवटी शेरा. एकदा माझा नवराच बिस्किटासकट सापडला. काका आमच्या समोरच राहतात, रोज त्याच्याशी गप्पा मारतात. पण त्या दिवशी त्याला नाव विचारलं, तेही हिंदीत.

"सायबेरियाहून आलेत हे पक्षी बिचारे. एवढ्या लांब येऊन ब्रेडच खायचा, तर घरी काय वाईट होते?" यावर कुणी हुज्जत घातलीच, तर ठेवणीतलं वाक्य: "नियमात बसत नाही."

खरं सांगते, मला ते जरा चक्रमच वाटायचे.

यंदा संक्रांतीला सकाळी धुक्यात त्यांनी आमची बेल वाजवली. हातात रुमालाची पुरचुंडी. "मृणाल, दहा मिनिटं झिलीवर येशील? काम ऑफिशियल नाही."

काठाशी हळदीकुंकू बदक पोहत होतं. त्याचं नावच ते. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळं, कपाळापाशी तांबडं. काकांनी पुरचुंडी सोडली. आत तांदूळ.

"आम्ही इथे नवे होतो तेव्हा ओळखीचं एक मराठी घर नव्हतं," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "पहिल्या संक्रांतीला ही हळदीकुंकवाचं ताट मांडून बसली. एक बाई फिरकली नाही. रडवेली झाली, म्हणून फिरायला आणली, तर हे समोर. म्हणाली, 'अहो, ही बघा, लावूनच आलीय. रिकामी कशी पाठवू?' घरी जाऊन तांदूळ घेऊन आली. मग दर वर्षी तेच. हॉस्पिटलात शेवटी मला म्हणाली, माझ्या पाहुणीला विसरू नका."

"मग तुम्ही घालता दर वर्षी?"

"तीन वर्षं आणतो आणि परत नेतो. हे सवाष्णीने द्यायचं असतं. माझ्या हातून नियमात बसत नाही."

मी ओंजळभर तांदूळ काठावर ठेवले. बदक आलं, मान वाकडी करून बघितलं आणि टिपायला लागलं. माझे डोळे भरून आले. काकांनी मात्र खिशातून वही काढली.

"काका, माझं नाव लिहिताय?"

"तुझं कशाला? आदेश माझा होता."

त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, फ्लॅट नंबर लिहिला, गुन्हा लिहिला. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: सौ.च्या सांगण्यावरून.