उणे पंचवीस, बूट नंबर आठ

"मानवजातीची सगळी प्रगती पायांवर उभी आहे," शांतवन भिंगारदिवे सर म्हणाले. "डोकं नंतर आलं. आधी माणूस चालला, मग त्याला सुचलं."

हे बोलताना सरांचा उजवा पाय काकासाहेबाच्या मांडीवर होता आणि मोज्याच्या भोकातून बाहेर आलेला अंगठा नगरच्या त्या बुटांच्या दुकानात इकडंतिकडं बघत होता.

"परगती ऱ्हाऊ द्या सर," काकासाहेब म्हणाला. "बूट कशाला पायजेत, त्ये सांगा."

काकासाहेब सरांचाच विद्यार्थी. आठवीत सरांनी त्याला गणितात दोनदा नापास केलं होतं. त्याबद्दल त्याच्या मनात राग नव्हता; फक्त सर दुकानात आले की तो अजूनही उभा राहायचा.

"कॅनडाला चाललोय. कृपाकडं. तिथं तळं गोठतं. त्याला भोक पाडून बर्फावर बसून मासे धरायचे."

"कोनी सांगितलं?"

"जावयानं."

"भांडन झालंय का?"

भांडण झालं नव्हतं, आणि सरांची खरी अडचण तीच होती. भांडायला आधी बोलणं लागतं. जावई अँड्र्यू राहात्याचा, गुणी, हुशार. लग्न ठरताना सरांनी एकच आक्षेप घेतला होता : मुलगा बोलत नाही. हा आक्षेप मुलाच्या कानावर गेला आणि मग तो खरोखरच बोलेनासा झाला. गेली सहा वर्षं दर रविवारी फोनवर तो विचारायचा, "पप्पा, बरे आहात?" सर म्हणायचे, "बरा. थंडी आहे का?" तो म्हणायचा, "आहे." मग दोघंही आपापल्या बायकोच्या हातात फोन द्यायचे.

आणि मागच्या रविवारी अँड्र्यू आपणहून म्हणाला होता, "पप्पा, तुम्ही आलात की आपण दोघं तळ्यावर जाऊ. दिवसभर."

दिवसभर! सर त्या रात्रीपासून दमलेले होते. दिवसभर बोलायचं काय, ही काळजी होतीच. पण त्याहून मोठी काळजी पायांची. सरांचे पाय मुळातच गार. केडगावात डिसेंबरात पहाटे उठले तर नऊ वाजेपर्यंत त्यांना पावलं असल्याची खात्री पटत नसे. सहा वर्षांनी जावयानं बोलावलं आणि सासऱ्याला अर्ध्या तासात हुडहुडत घरी आणून सोडावं लागलं, तर पुढची सहा वर्षं गप्पच जायची.

"थंडी किती असती तितं?" काकासाहेबानं विचारलं.

"उणे पंचवीस."

"उणे म्हंजी वजा ना? वजाबाकी शिकवताना तुमी नुस्तं बघितलं तरी मला थंडी वाजायची." त्यानं गमबूट काढले. "ह्ये उसाला पानी द्यायला लोक नेत्यात. चिखल आत येत न्हाई. मग बर्फ कुठनं यील?"

सरांनी हात घालून पाहिला. आत शुद्ध रबर होतं.

काकासाहेब शिडीवर चढला आणि धूळ खाल्लेले दोन खोके घेऊन उतरला. "भिंगारच्या एका सुभेदारानं सांगून ठिवले हुते. न्यायच्या आधीच रिटायर झाला. आतनं लोकर हाय, खाली टायर हाय. एक आठ नंबर, एक नऊ. तुमाला नऊ द्यू."

"माझा नंबर आठ आहे."

"जाड मोजं घालनार ना? नऊ घ्या."

कृपानंही हेच कळवलं होतं. पण इथं सरांचं तत्त्व आडवं आलं. छत्तीस वर्षं त्यांनी वर्गात हेच पाहिलं होतं : मूल वाढतं म्हणून आईबाप एक नंबर मोठा बूट घेणार, आणि मूल जूनपासून मार्चपर्यंत पाय ओढत फळ्याकडं येणार.

"काकासाहेब, मी अडुसष्ट वर्षांचा आहे. मी आता वाढणार नाही."

आठ नंबर बांधून घेऊन सर घरी आले.

मोज्यांचं मात्र सरांच्या हातात राहिलं नाही. रविवारी उपासनेनंतर एस्तेरबाई महिला मंडळाच्या एंजेलाबाईंना सहज म्हणाल्या, "ह्यांच्या मोज्यांचं बघायचंय." एवढंच. मंडळाचा विणकामाचा वर्ग मिशनच्या कुठल्याशा मडमेनं चालू करून दिलेला. केडगावात लोकरीला काम असतं सकाळी नऊपर्यंत. त्यामुळं तीन पिढ्या त्या बायका बाळांची टोपडी विणत आल्या होत्या. आता प्रथमच त्यांना पूर्ण वाढ झालेला, खरोखर गारठणारा माणूस मिळाला होता. गुरुवारपर्यंत घरात सात जोड मोजे आले. पहिला झुंबरबाईंचा, जांभळा. दुसरा एंजेलाबाईंचा, पोपटी. सत्यशीलाबाईंच्या मोज्यावर मासा होता. तो पतंगासारखा दिसत होता, पण हेतू स्पष्ट होता.

"यातला एक नेतो," सर म्हणाले.

"कुणाचा?" एस्तेरबाईंनी विचारलं.

सरांनी सातही जोड पिशवीत भरले. झुंबरबाईंचा नेला तर एंजेलाबाई पुढच्या नाताळापर्यंत बोलणार नव्हत्या, आणि एंजेलाबाईंचा नेला तर झुंबरबाई बोलायच्या थांबणार नव्हत्या.

आता, आयुष्यभर शिक्षकी केलेला माणूस सराव परीक्षेशिवाय थेट परीक्षेला बसत नाही. निघायला दोन दिवस होते. शनिवारी दुपारी सर बूट आणि पिशवीभर मोजे घेऊन गावाबाहेरच्या बर्फाच्या कारखान्यात गेले. मालकाचं नाव कारभारी. तोही विद्यार्थीच, पण पास झालेला, म्हणून तो बसूनच बोलला.

"बसा की सर. जानेवारीत बर्फाला इचारतंय कोन? सगळ्या लाद्या तुमच्याच."

सरांनी तीन जोड मोजे घातले, बूट चढवले आणि थंड खोलीत बर्फाच्या लादीवर स्टूल टाकून बसले. हात कुठं ठेवावेत हे कळेना, म्हणून कोपऱ्यातली एक काठी घेऊन समोर धरली. दाराच्या फटीतून कामगार डोकावू लागले.

"कोन हाय आत?"

"सर हायेत."

"काय करत्यात?"

"मासं धरत्यात."

"घावतंय का काही?"

"आजून न्हाई. सराव चाललाय."

अर्ध्या तासात सरांची बोटं बधिर झाली. काकासाहेबाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता की बूट आवळतोय, एक जोड काढा. पण काकासाहेब गणितात नापास होता. सरांनी साधं त्रैराशिक मांडलं : तीन जोडांना तीस मिनिटं, तर सात जोडांना सत्तर. शिवाय सात घातले म्हणजे मंडळातलं कुणी नाराज होण्याचं कारण उरत नव्हतं. गणित आणि शेजारधर्म इतके नेमके जुळल्यावर उत्तर चुकेल कसं?

सातवा मोजा चढल्यावर पाय बुटात जाईना. कारभारीनं बूट धरला, एका कामगारानं सरांना मागून रेटलं, तिसऱ्यानं "हय्या" म्हटलं. दोन्ही पाय गेले. सर पुन्हा लादीवर बसले. दहा मिनिटांनी त्यांचा चेहरा उजळला.

"कारभारी, आता थंडी अजिबात वाजत नाही!"

"पन सर, पाय हायेत का?"

"असावेत," सर म्हणाले. उठून पाहिलं तर होते, पण कुणाचे ते समजत नव्हतं. मग बूट काढायला घेतले. एकदा कारभारीनं ओढलं, एकदा दोघांनी ओढलं. सर स्टुलासकट दारापर्यंत आले, बूट पायातच राहिले. तोवर साडेसहा झाले होते आणि सात वाजता सरांच्या घरी निरोपाची प्रार्थना होती. कारभारीनं त्यांना टेम्पोत घातलं आणि घरासमोर उभं करून दिलं.

दारात चपलांचा ढीग पडला होता. आत सतरंजीवर पाळकसाहेब, महिला मंडळ आणि शेजारपाजारचे लोक अनवाणी बसले होते. या घरात पायात काही घालून कुणी उंबरा ओलांडलेला नव्हता. नळ दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा सर बाहेर थांबवायचे, बूट काढायला लावायचे, मगच आत घ्यायचे.

"अहो, बूट काढा आणि या," एस्तेरबाई म्हणाल्या.

"निघत नाहीत."

"कोण निघत नाही?"

"दोन्ही."

पाळकसाहेब अनुभवी होते. अशा वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले बरे, हे ओळखून त्यांनी लगेच प्रार्थना सुरू केली. सर उंबऱ्याबाहेर उभे राहिले. प्रवासासाठी, विमानासाठी, मुलीसाठी, जावयासाठी प्रार्थना झाली. आतल्या प्रत्येकानं एकेक डोळा उघडून बूट पाहून घेतले. "आमेन" झाल्याबरोबर सगळे दाराशी आले.

एंजेलाबाईंनी खोबरेल तेल सुचवलं. सत्यशीलाबाई म्हणाल्या, कात्री आणा. "मोजा कापला तर बघा!" झुंबरबाई कडाडल्या. एवढ्यात मागून कडूबाई पुढं आल्या. कडूबाई शेजारच्या, त्यांच्याकडं तीन म्हशी.

"सरका समदी. रेडकू आडाकल्यावर आसं गलका करत्यात का? म्हस बुजती." त्यांनी सरांना पायरीवर बसवलं, पदर खोचला आणि उजवा बूट दोन्ही हातांत धरला. "सर, कळ काढा. मी म्हनंल तवाच जोर लावायचा."

"मी कसला जोर लावू?"

"म्हस इचारती का? लावा!"

बूट निघाला. कडूबाई चपलांच्या ढिगात बसल्या. सरांचा पाय कोबीसारखा फुगून बाहेर आला आणि एस्तेरबाई एकेक मोजा सोलू लागल्या. मंडळ वाकून मोजत होतं. वरचा मासेवाला निघाला, मग पोपटी, मग आणखी चार. शेवटी जांभळा.

"म्हणजे माझे सगळ्यात खाली घातले?" झुंबरबाई शांतपणे म्हणाल्या. अंगण गार झालं.

"अगदी अंगाला लागून, झुंबरताई," एस्तेरबाई म्हणाल्या. "बाकीचे नुसते वरून."

झुंबरबाईंनी एंजेलाबाईंकडं पाहिलं आणि खुशीत मान हलवली. एंजेलाबाई चहाला न थांबताच चपला शोधू लागल्या. पायात रक्त परत आल्यानं सर डोळे मिटून कण्हत होते आणि डावा बूट अजून जागच्या जागी होता. त्याच वेळी एस्तेरबाईंच्या हातातला मोबाईल वाजला. तिकडं सकाळ झाली होती.

"मम्मी, पप्पा कुठंत?" कृपाचा आवाज आला. "अँड्र्यूला त्यांच्याशी बोलायचंय. एकट्याशी."

एका पायात बूट, दुसरा अनवाणी, असे सर स्वतःच उंबरा ओलांडून घसटत स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. त्यांना वाटलं, बेत रद्द झाला. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

पडद्यावर अँड्र्यू दोन स्वेटर घालून बसला होता. घरातच.

"पप्पा, बरे आहात?"

"बरा. थंडी आहे का?"

"आहे," अँड्र्यू म्हणाला. नेहमीप्रमाणं इथं बोलणं संपायचं. पण तो फोन देईना. एकदा घसा साफ केला, दुसऱ्यांदा केला. "पप्पा, ते तळ्याचं... आपण दोघंच म्हणालो होतो, पण तसं नाहीये. ऑफिसची सगळी गँग येतीय. सहा वर्षं झाली बोलावतात. मी कधी ताप आला म्हणतो, कधी पाठ धरली म्हणतो. यंदा काही उरलंच नव्हतं, म्हणून बोलून बसलो, सासऱ्यांना घेऊन येतो."

"म्हणजे तू एकदाही गेला नाहीस?"

"राहात्याचा माणूस मी, पप्पा. मला फ्रीज उघडला तरी शिंक येते. तिथं दहा मिनिटं माझ्यानं निघायची नाहीत. पण मी उठलो, तर वर्षभर दात काढतील."

सहा वर्षांत जावई एवढं सलग कधी बोलला नव्हता. सरांनी ओट्याला टेकून फुगलेला पाय बुटावर ठेवला.

"बोल, अँड्र्यू. ऐकतोय."

"तुम्ही वडीलधारे. तुमच्यासाठी उठलो, तर कुणी हसायचं नाही." त्यानं मागं वळून कृपा ऐकत नाही ना, ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रागावू नका पप्पा, पण बसल्यावर अर्ध्या तासानं तुम्ही जरा मोठ्यानं म्हणाल का, की तुम्हाला फार थंडी वाजतीय?"