रिकामा वाडगा

पाठीवर तांदळाची पिशवी बांधून अभय पासिर रिस उपनगरातल्या आपल्या इमारतीचे जिने चढू लागला, तेव्हा शेजारची निशिगंधा त्याच्या बायकोला, सुलेखाला, म्हणाली, "लिफ्ट बंद आहे का गं?"

"नाही गं, सराव चाललाय. किर्गिझस्तानला ट्रेकला जातोय."

"कम्युनिस्टांनी सोडलेल्या देशात? बालीला जा की सरळ!"

पण अभयला तिथल्या एका खिंडीवर चढून पलीकडचं सरोवर बघायचं होतं. आयुष्यभर बँकेतले आकडे बघितलेल्या माणसाचा एवढाच हट्ट. सुलेखाने चिवडा, गुळपोळ्या, लाडू केले आणि त्याच्याबरोबर निघाली.

आणि खरंच खिंड समोर आली. डोंगर असे, की वर बघता बघता सुलेखाची टोपी मागे पडली.

"दुपारच्या आत वर," वाटाड्या बाकितने बजावलं. "मग वादळ."

वाटेत लोकरीच्या नमद्याच्या गोल तंबूतून एक आजीबाई आल्या आणि सायीने भरलेला लाकडी वाडगा सुलेखाच्या हाती ठेवला. दोघांनी तो चाटूनपुसून संपवला.

"दे आणि चल," अभय म्हणाला.

"रिकामा? शोभतं का?" तिने त्यात चिवडा भरला.

आजीबाईंनी चिमूटभर चाखला, डोळे मिटले, आत गेल्या आणि वाडगाभर लोणी घेऊन आल्या.

"बघ! यांच्यातही रिकामं देत नाहीत!" सुलेखा हरखली.

"अगं, मग हे थांबणार कधी?"

लोण्याच्या बदल्यात गुळपोळ्या गेल्या. गुळपोळ्यांवर जर्दाळूचा मुरांबा आला.

"सुलेखा, खिंड!"

"हो रे, एवढे लाडू देते."

बाकित तर तंबूत आडवाच झाला. शिदोरी संपली, आणि वर वादळ सुटलं. उद्या परतीचं विमान. अभय पाठ फिरवून दगडावर बसला.

संध्याकाळी ढग सरले. सगळी शिखरं एकदम केशरी झाली. घोडेसुद्धा माना वर करून उभे. अभयने तिच्याकडे न बघताच तिचा हात धरला.

घरी सॅक उपसताना मोज्यांमधून वाडगा निघाला. सुकवलेल्या खारट दह्याच्या गोळ्यांनी गच्च भरलेला.

"अगंबाई! आजीबाईंनी कधी कोंबला? पोस्टाने पाठवू या."

"पोस्टाने? शोभतं का?" अभयने तांदळाची पिशवी उचलली. जिन्यावरून त्याचा आवाज आला, "चिवडा दुप्पट कर! आणि वाडगा या वेळी उतरताना द्यायचा हं!"